आधी जुन्या संपू देत

आमच्या घरात ताजी पोळी कोणी खाल्ली असेल तर ती पाहुण्यांनी. घरच्यांच्या पानात कायम कालची. कालच्या संपेपर्यंत आजच्या झाकून ठेवायच्या, म्हणजे उद्या त्याच कालच्या होतात, आणि हे माझ्या जन्माच्या आधीपासून चालू होतं. साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवायचा. जुन्या टॉवेलची जाळी झाली तरी नवा कपाटात. वडिलांना दर दिवाळीला शर्ट मिळायचा. ते गेले तेव्हा कपाटात चार शर्ट घडीचे निघाले, टाचण्यांसकट. आई त्या शर्टांकडे बघून एवढंच म्हणाली की जुने अजून टिकले होते ना. हा किस्सा मी बरीच वर्षं सांगत होते आणि लोक पोट धरून हसत होते.

आता मी तो सांगत नाही.

आई फणसवाडीतल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. दोन खोल्या, पुढे सगळ्या बिऱ्हाडांची मिळून लांब गॅलरी, गॅलरीच्या टोकाला संडास. लग्न होऊन ती तिथे आली आणि वडील गेल्यावरही तिथेच एकटी राहिली. एक्याऐंशीव्या वर्षी ती ठाकुरद्वारपर्यंत चालत जाऊन भाजी आणत होती. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची आणि त्यातल्या चुकांना पेन्सिलीने गोल करून ठेवायची. कोणासाठी, कोणास ठाऊक. भाऊ बोरिवलीला, मी दादरला, शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत. आम्ही आळीपाळीने रविवारी तिच्याकडे जायचं असं ठरलं होतं. भावाच्या वाट्याच्या रविवारीही मीच जायचे आणि ते त्याला दर वेळी ऐकवायचे.

माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी एका विमा कंपनीत तेहेतीस वर्षं काढली. माझ्या टेबलावर हॉस्पिटलांचे कागद यायचे, आणि कुठली तारीख जुळत नाही, कुठलं औषध उगाच लावलंय, कुठलं बंद करूनही बिलात चालूच आहे, ते मी बोट ठेवून दाखवायचे. भल्याभल्यांचे दावे मी परत पाठवले. ऑफिसात मला वचकून असायचे आणि मला ते आवडायचं. रिटायर झाल्यावर हा वचक दाखवायला आईशिवाय कोणी उरलं नव्हतं.

आईला रक्तदाब होता, दुसरं काही नाही. रोज सकाळी चहानंतर एक गोळी. बाकी सगळं बाजारातून स्वतः आणणारी ही बाई गोळ्या मात्र आणायची नाही. केमिस्ट हीच आहे हो म्हणून दुसऱ्याच नावाची हातात ठेवतो, आणि आपल्याला कळलं नाही तर? तेव्हा ते काम तिने माझ्यावर टाकलं होतं. मला कळतं म्हणून. गोळ्या संपत आल्या की फोन यायचा आणि मी बसने गिरगावला जायचे. मला त्याचा कंटाळा आला होता. आज हे सरळ लिहिते, कारण तेव्हा मी त्याला नियोजन म्हणत होते. एका श्रावणात मी सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम आणल्या आणि तिचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा गच्च भरून टाकला. आई खूश झाली. भरलेला डबा बघून तिला नेहमीच बरं वाटायचं.

महिन्याभराने तिचं नेहमीचं रक्त तपासलं. रिपोर्ट घेऊन मी वाडीतल्या डॉक्टरांकडे एकटीच गेले. आईला दोन जिने उतरवा, बाकावर बसवा, पुन्हा दोन जिने चढवा, हे सगळं कशाला? रिपोर्ट वाचायचा होता, आणि वाचता मला येत होता. डॉक्टरांनी तो पाहिला, जुन्या गोळीच्या नावावर आडवी रेघ मारली, खाली दुसरी लिहून दिली. जुनी लघवीवाटे मीठ काढते, म्हणाले, म्हाताऱ्या बायकांना कधीकधी सोसत नाही. रक्तातलं सोडियम उतरतं, मग तोल जातो, डोकं चालेनासं होतं. आत्ता थोडंच उतरलंय. तेव्हा ही आजपासून बंद, नवी सुरू, आणि महिन्याने पुन्हा रक्त बघू. मी मान डोलावली. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, तिथून तो दादरला माझ्या घरी फायलीत गेला. आईच्या सगळ्या कागदांची फाईल माझ्याकडेच असायची. आईने तो कागद कधी पाहिलाच नाही.

खालच्या केमिस्टकडून नव्या गोळ्या घेतल्या, पुन्हा तीन महिन्यांच्या, आणि वर गेले. आई मेथी निवडत बसली होती. मी डबा उघडला, नव्या स्ट्रिपा जुन्यांच्या वर ठेवल्या आणि म्हटलं, डॉक्टरांनी गोळी बदललीय, आता या घ्यायच्या. ती बरं म्हणाली. मला तीन वाजता दादरला नाटक होतं. चहा नको म्हणून मी चपला घातल्या.

एवढंच घडलं. जुन्या स्ट्रिपा उचलून पर्समध्ये टाकायला किती वेळ लागला असता? मी तो वेळ नंतर मोजून पाहिलाय, माझ्याच डब्यातून गोळ्या काढून. चहाचा कप विसळायला जेवढा लागतो तेवढाही नाही. पण जुनी बंद, हे शब्द मी उच्चारलेच नाहीत. आता या घ्यायच्या, एवढंच म्हटलं. त्या घरात त्याचा अर्थ काय होतो, हे त्या घरात लहानाची मोठी झालेल्या माझ्याशिवाय कोणाला ठाऊक असायला हवं होतं?

मी जिना उतरले असेन तोवर आईने हात धुतले, नव्या स्ट्रिपांना रबरबँड लावला आणि त्या डब्याच्या तळाशी ठेवल्या. वर जुन्या.

महिन्याने रक्त तपासायचं होतं, ते मी दिवाळीनंतर करू म्हटलं. फोनवर मी न चुकता विचारत होते की गोळ्या आहेत ना. ती म्हणायची, भरपूर आहेत गं. मला तेच ऐकायचं होतं. शिवाय माझं दुसरंही एक फर्मान चालू होतं, मीठ कमी कर. तिने लोणचं सोडलं, पापड सोडला, आमटीत मीठ नावाला घालायला लागली. मी शेजाऱ्यांसमोर तिचं कौतुक केलं.

भाऊबीजेला आम्ही दोघं तिच्याकडे जमलो. तिने तबक नीट लावलं होतं, निरांजन, सुपारी, अक्षता, सगळं. ते माझ्या हातात देताना तिने मला विचारलं, "तू कोणाला ओवाळायला आलीस?" भाऊ हसला. मीही हसले. आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि तीही हसली, पण आम्ही का हसतोय ते तिला कळलेलं नव्हतं. मी ते पाहिलं होतं. पाहिलं नाही असं मला म्हणता येणार नाही.

त्यानंतर एकेक सुरू झालं. दूध उतू गेलं तरी ती ओट्याशी उभी. भाजी घेऊन आली आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावत बसली. दिवसभर झोप यायची, चालताना भिंत धरायची. पेपरातले पेन्सिलीचे गोल चूक नसलेल्या शब्दांभोवती दिसायला लागले, मग समासात, मग दिसेनासेच झाले. मार्गशीर्षात गॅलरीत पडली. हाड मोडलं नाही, कपाळाला टेंगूळ आलं. भाऊ म्हणाला, वय झालं. मीही म्हटलं, वय झालं. ते दोन शब्द म्हटले की पुढे काही शोधावं लागत नाही.

शोधायला सांगणारी माणसं नव्हती असंही नाही. शेजारच्या खोलीतल्या मालवणकडच्या काकू, आईच्याच बरोबरीच्या, माझ्या मागे जिन्यापर्यंत आल्या. "वय माझाही झालाय गो," त्या म्हणाल्या. "पण माणूस दोन महिन्यांत असा होत नाही. तिच्या गोळ्या एकदा बघ." मला राग आला. चौथी शिकलेल्या काकूंनी मला गोळ्या बघायला सांगाव्यात? गोळ्या मीच आणते, मी त्यांना तोडून सांगितलं, आणि उतरले. त्या काकूंशी मी नंतर चार महिने धड बोलले नाही.

आणि आईने स्वतः विचारलं होतं. एका सकाळी मी तिच्या केसांना तेल लावत होते. त्या दिवशी तिचं डोकं जरा ठिकाणावर होतं. म्हणाली, "गोळी घेतली की मला जास्तच गरगरतं. दोन दिवस नको घेऊ का?"

"अजिबात चुकवायची नाही," मी म्हटलं. "चुकवलीस तर अर्धांग होईल. अंथरुणात पडलीस तर करणार कोण?"

तिने पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून गोळी घेतली की ती कॅलेंडरवर फुली मारायला लागली, माझी बोलणी बसू नयेत म्हणून. बाकी सगळं विसरत होती, ती फुली विसरली नाही. डोळ्यांसमोर गोळी घेतेय की नाही हे मी पाहत होते. कुठली घेतेय ते पाहिलं नाही.

पौषात भावाने विषय काढला. आईला एकटी ठेवणं आता बरं नाही. घरमालक बरीच वर्षं खोलीच्या मागे होता, सगळी चाळ रिकामी करून त्याला उंच काहीतरी बांधायचं होतं. कर्जतच्या बाजूला वृद्धांसाठी चांगली जागा आहे, भावाने चौकशी केली होती, खोली सोडायचे घरमालक जे पैसे देईल त्यात आईचं तिथलं निभेल. मी नाही म्हटलं नाही. मग तुझ्याकडे का नाही आणलंस, असं लोक मला विचारतात. माझ्याकडे दोन खोल्या, त्यात नवरा, मुलगा, घरून काम करणारी सून, लिफ्ट नाही. अशी बरीच कारणं मी पाठ करून ठेवली आहेत आणि ती सगळी खरी आहेत. तरी ती सांगताना मी समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही.

खोली वडिलांनंतर आईच्या नावावर झाली होती, त्यामुळे सही तिची लागणार होती. घरमालकाचा माणूस कागद घेऊन घरी आला. आम्ही आईला सगळं समजावून सांगितलं, म्हणजे आम्ही बोललो आणि ती आमच्या तोंडाकडे बघत राहिली. कुठे करू, तिने विचारलं. मी बोट ठेवलं. तेहेतीस वर्षं मी बोट ठेवून लोकांचे खोटे कागद पकडले होते. तिने सही केली, अक्षर खाली घसरत गेलं, आणि पेन मला परत देताना ती म्हणाली, झालं ना तुझं काम. सहीच्या वेळी माणूस भानावर असायला हवा, हे मी ऑफिसात शंभरदा लिहिलं असेल. माझ्यासमोर दुसऱ्या कोणाचा असा कागद आला असता तर मी तो फेकून दिला असता.

आठवड्याभरात सामान हललं. वडिलांचे ते चार शर्ट काकूंच्या मुलाला दिले. घडीचेच. किल्ल्या दिल्या आणि आईला गाडीत बसवून कर्जतला नेलं. वाटेत ती दोनदा म्हणाली की अंधार व्हायच्या आत घरी परत यायचंय, दाराला नुसती कडी घातलीय.

तिथे दाखल करताना एक नियम होता. सोबतची सगळी औषधं आणि सगळे कागद टेबलावर ओतायचे. तिथली सिस्टर तिशीचीही नसेल. तिने माझी फाईल उघडली, आईचा पत्र्याचा डबा रिकामा केला, आणि बोट ठेवलं, अगदी मी ठेवायचे तसं. यावर काट मारलेली आहे, मग ही कशी चालू आहे? आणि ही नवी एकही फोडलेली नाही. रबरबँडसुद्धा तसाच.

मी काहीतरी बोलायला लागले. आईने मला थांबवलं. ती टेबलाची कड धरून बसली होती, जीभ जड झाली होती, पण हे तिला चांगलं माहीत होतं. "नव्या आहेत त्या," ती सिस्टरला समजावून म्हणाली. "आधी जुन्या संपू देत. मग काढू."

सिस्टर हसली नाही. तिने सरळ डॉक्टरांना फोन लावला. संध्याकाळपर्यंत रक्ताचा रिपोर्ट आला आणि आईला तिथून जवळच्या हॉस्पिटलात हलवलं. सोडियम इतकं उतरलं होतं की तिथला तरुण डॉक्टर मला म्हणाला, आणखी काही दिवस गेले असते तर झटके आले असते. वाढवायचं ते हळूहळूच वाढवावं लागतं, एकदम नाही. तो जेव्हा विचारत होता की डोकं बिघडल्यावर कोणी गोळ्या तपासल्या नाहीत का, तेव्हा भाऊ माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं असतं तर त्यालाही बरंच ऐकवता आलं असतं. पण मी फाईलमधले कागद नीट लावत राहिले.

जुनी गोळी बंद झाली आणि आई परत आली. दुसरा शब्द मला सापडत नाही. पहिल्या आठवड्यात तिने चहात साखर जास्त आहे म्हणून तक्रार केली. दुसऱ्या आठवड्यात पेपर मागितला, मग पेन्सिल. तिसऱ्या आठवड्यात ती हॉस्पिटलातून कर्जतच्या त्या जागी परतली होती आणि मी गेले तेव्हा बाकावर चष्मा लावून बसली होती. भिंतीवर लावलेल्या जेवणाच्या वेळापत्रकात तिने तीन चुका काढल्या होत्या. मला बघितल्यावर माझं नाव घेऊन हाक मारली. मला रडू आलं ते आनंदाचं होतं असं मी तेव्हा समजले.

"आता बरी आहे मी," ती म्हणाली. "घरी कधी जायचं?"

मी तिला सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही, पण सगळं सांगितलं, गोळीचं, नाटकाचं, खोलीचं. ती म्हणाली, माझी सही नसताना कसं झालं हे? मी म्हटलं, तुझी सही आहे. तिने कागद मागितला. झेरॉक्स माझ्या फाईलमध्ये होतीच. तिने चष्मा पुसला, सगळा मजकूर पहिल्यापासून वाचला, शेवटी त्या घसरलेल्या सहीपाशी आली आणि पेन्सिलीने तिच्याभोवती एक गोल केला. कागद मला परत दिला आणि जेवणाची घंटा झाली म्हणून उठली.

आम्ही घरमालकाकडे जाऊन आलो. तो म्हणाला की तुमच्या आईंच्या खोलीची मधली भिंत पाडून झाली, सिमेंटच्या गोण्या आहेत तिथे. मी आईला दादरला चल म्हटलं. यात माझी कारणं आड आली नाहीत, मी मनापासून म्हटलं. ती म्हणाली, तुझ्याकडे चार दिवस येईन. आली, चार दिवस राहिली, पाचव्या दिवशी पिशवी भरून दारात उभी राहिली.

आता दीड वर्ष झालं. ती खणखणीत आहे. तिच्या वाट्याला एक खाट, एक खुर्ची आणि एक लहान कपाट आलंय. गोळ्या सिस्टर देते, एकेक, हातावर. आईने एकदाही मला दोष दिलेला नाही. दिला असता तर मला उलट बोलता तरी आलं असतं.

गेल्या रविवारी मी तिच्यासाठी रव्याचे लाडू नेले. मागच्या खेपेचे तीन अजून डब्यात होते. मी सवयीने म्हटलं, आधी ते संपव, हे वरच्या खणात ठेवते. आईने माझ्या हातातून नवा डबा घेतला, त्यातला एक लाडू काढून खाल्ला, आणि जुने तीन माझ्यासमोर खाटेखालच्या कचऱ्याच्या बादलीत टाकले. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला अन्न टाकताना पाहिलं.

"अगं, चांगले होते की," मी म्हटलं.

"असतील," ती म्हणाली. "पण जुनं सांभाळून ठेवायला आता घर कुठाय?"

मग तिने बोटांना लागलेला रवा झटकला आणि पेपर उघडला. परतीची गाडी चुकेल म्हणून मी उठले.